माहेरची वाट : गोदावरींतील झिंग्याची हकीकत

शाळेंतून निवृत्त होऊन मला आतां कांहीं वर्षें झालीं. छत्तीस वर्षांच्या नोकरींत मीं पुष्कळ मुलांच्या पुष्कळ चुका तांबड्या शाईनें दुरुस्त केल्या. त्यांतल्या बहुतेक माझ्या विस्मरणांत गेल्या आहेत. एक मात्र अजून आठवते. कारण ती चूक मुलाची नव्हती, माझी होती. ती त्या मुलासमोर कबूल करण्याची संधि मला मिळाली नाहीं. म्हणून आज वाचकांसमोर करीत आहें.

सन १९८८ ची गोष्ट. नांदेड जिल्ह्यांतील गोदाकांठच्या एका लहानशा गांवीं मी त्या वेळीं शिक्षक होतों. विषय माझा संस्कृत. परंतु लहान गांवच्या शाळेंत शिक्षक थोडे, म्हणून पांचवीच्या वर्गास विज्ञानही मलाच शिकवावें लागे. त्या वर्गांत एक मुलगा होता. त्याच्या घरीं तेलुगु बोलत. बाप नदीवर जाळें टाकी. आईचें माहेर दूर खालीं, राजमहेंद्रीच्या पलीकडे धवळेश्वरम् येथें. त्या वर्षीं आई बाळंतपणासाठीं माहेरीं गेली; तिच्याबरोबर हाही गेला, आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत त्याचें तोंड आम्हांस दिसलें नाहीं. दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हां मीं सर्व मुलांना ‘मीं पाहिलेली एक नवलाची गोष्ट’ ह्या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या. ह्या मुलानें लिहिलें कीं, मामाच्या गांवीं रात्रीं झिंग्याचीं पोरें मुंग्यांसारखी रांग लावून धरणाची भिंत चढतात. खालीं पेन्सिलीनें एक भिंत काढून तिच्यावर बारीक ठिपक्यांची ओळही काढली होती.

मीं तो मजकूर वर्गास मोठ्यानें वाचून दाखविला. मुलें खदखदां हंसलीं. मी म्हणालों, “अरे, मासा कधीं भिंत चढतो काय?” तो उभा राहिला, खालीं पाहूं लागला आणि हळूच म्हणाला, “गुरुजी, तो मासा नाहीं, झिंगा आहे. मामानें कंदील धरला होता. मीं पाहिलें.” वर्ग पुन्हां हंसला. मीं वहीवर लिहिलें, “चूक. असत्य लिहूं नये.” पुढच्या वर्षीं त्याचें कुटुंब गांव सोडून गेलें.

माझ्या त्या एका प्रश्नांत दोन चुका होत्या. झिंगा हा मासा नव्हे, ही पहिली. आणि तो भिंत चढतो, ही दुसरी. दोन्ही गोष्टी पांचवींतल्या मुलास ठाऊक होत्या आणि मास्तरास ठाऊक नव्हत्या.

पुढें सन २०१५ मध्यें गुरु सिंह राशीस आला आणि गोदावरीचें पुष्कर लागलें. आषाढांत मी व माझी पत्नी राजमहेंद्रीस स्नानास गेलों. पर्वणीचे शेवटचे दिवस होते. धवळेश्वरम् तेथून थोड्याच अंतरावर आहे, असें कळल्यावर तो मुलगा मला एकाएकीं आठवला. स्नान आटोपल्यावर आम्ही धरण पाहावयास गेलों. कांठावर एक वृद्ध कोळी जाळें विणीत बसला होता. आमच्याबरोबर आलेल्या एका तरुणानें दुभाष्याचें काम केलें. झिंग्याचीं पिलें भिंत चढतात हें खरें काय, असें मीं विचारलें. म्हाताऱ्यानें माझ्याकडे जरा वेळ पाहिलें. सूर्य पूर्वेस उगवतो हें खरें काय, असें विचारणाऱ्याकडे पाहावें तसें तें पाहणें होतें. तो म्हणाला, “आतां नाहींत. पूर ओसरूं लागला म्हणजे या. रात्रीं या. पण पूर्वींइतकीं येत नाहींत.”

घरीं परत आल्यावर मीं ह्या विषयाचें मिळेल तें वाचावयास आरंभ केला. मी कांहीं शास्त्रज्ञ नव्हे. तथापि जें समजलें तें येथें सांगतों.

प्रथम नांवाविषयीं. संस्कृत कोशांत ह्या प्राण्यास ‘चिङ्गट’ असा शब्द आहे. बंगाल्यांत त्याला ‘चिंगडी’ म्हणतात, हिंदींत ‘झींगा’, आणि आपल्याकडे देशावर ‘झिंगा’. कोंकणांतला मनुष्य त्याला कोळंबी म्हणेल, आंध्रांतला ‘रोय्या’. गोदावरींतल्या ज्या जातीविषयीं मी लिहीत आहें तिला शास्त्रीय नांव सन १८४४ मध्यें मिल्न-एडवर्ड्‌स ह्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें दिलें. आज तें ‘मॅक्रोब्रॅकियम मालकमसोनाय’ असें लिहितात. उत्तरपद हें मालकमसन ह्या आडनांवावरून आलें आहे. पूर्वपद ग्रीक असून त्याचा अर्थ ‘दीर्घबाहु’ असा होतो. आपल्या काव्यांतून थोर पुरुषांस हें विशेषण लावतात. पण तें अक्षरशः कोणास शोभत असेल तर ह्या झिंग्यास शोभतें. पूर्ण वाढलेल्या नराचे दोन बाहु त्याच्या सबंध देहाहून लांब होऊं शकतात. ह्या दीर्घबाहु कुळाच्या दोनशेंहून अधिक जाती जगांतील उष्ण प्रदेशांच्या नद्यांतून आणि खाड्यांतून आढळतात. गोदावरीची ही जात कृष्णा, कावेरी, महानदी ह्या नद्यांतही राहते.

आतां देहरचना. माशाला आंत पाठीचा कणा असतो; झिंग्याला आंत हाड म्हणून नाहींच. त्याचा सांगाडा म्हणजे अंगावरचें कवच. खेंकडा, विंचू, फुलपाखरूं ह्यांच्याप्रमाणें तो संधिपाद वर्गांतला, आणि त्यांतल्या त्यांत खेंकड्याचा जवळचा भाऊबंद. डोकें व छाती मिळून एकच कवचाची पेटी असते. तिच्यापुढें करवतीसारखी दांते असलेली एक तलवार निघालेली असते. डोळे आंखूड देठांवर बसविलेले असल्यामुळें सभोंवार फिरवितां येतात. चालण्याचे पाय दहा. त्यांपैकीं पुढच्या दोन जोड्यांस चिमटे असतात, आणि दुसरी जोडी ती हीच दीर्घबाहूंची. मागील भागास सहा खंड असून त्यांपैकीं पहिल्या पांचांखालीं वल्ह्यांसारख्या लहान पायांच्या जोड्या असतात. श्वास घेण्याचे कल्ले छातीच्या कवचाआड झांकलेले असतात. रक्तांत आपल्यासारखें लोहयुक्त तांबडें द्रव्य नसून ताम्रयुक्त द्रव्य असतें, म्हणून रक्तास किंचित् निळसर छटा येते. मोठा नर सुमारें वीतभर होतो. मादी त्याहून लहान. दिवसा तो दगडांच्या आड, मुळांच्या जाळींत दडून असतो. रात्रीं बाहेर पडून कुजका पाला, शेवाळ, किडे, गोगलगायी, मेलेले प्राणी जें सांपडेल तें खातो. अशा रीतीनें नदीच्या तळाची झाडलोट आपोआप होते.

कवच हा झिंग्याचा किल्ला, आणि तोच त्याचा तुरुंग. आंतला देह वाढतो, कवच वाढत नाहीं. म्हणून ठराविक काळानें जुनें कवच टाकून द्यावें लागतें. नवें कवच घट्ट होईपर्यंतचा वेळ मोठ्या धोक्याचा. अंग मऊ, हालचाल मंद, आणि शत्रु चोहोंकडे. आश्चर्य असें कीं, ह्या जातीचा विवाह नेमका ह्याच दुर्बल घटकेस होतो. मादीनें कात टाकली म्हणजे नर तिला आपल्या लांब बाहूंच्या आड घेतो, आणि तिचें कवच कठीण होईपर्यंत इतरांस जवळ येऊं देत नाहीं. ते लांब बाहु केवळ झुंजण्यासाठीं आहेत, असें समजूं नये.

त्यानंतर मादी हजारोंनीं अंडीं घालते. तीं पाण्यांत सोडून न देतां पोटाखालच्या वल्ह्यांस चिकटवून घेते. तेथें वल्हीं हालवून ती अंड्यांवर सतत पाणी खेळविते, मेलेलीं अंडीं वेंचून काढते. आरंभीं पिवळसर-नारिंगी असलेलीं हीं अंडीं जसजशीं पिकतात तसतशीं करडीं दिसूं लागतात. कारण आंतल्या पिलांचे डोळे काळे होतात. आणि हें ओझें पोटाशीं घेऊन ती एक विलक्षण गोष्ट करूं लागते. वरच्या नदींत तिचें सर्व कांहीं उत्तम चाललेलें असतें. अन्न आहे, आसरा आहे. तरी पावसाळा लागून नदीस पाणी आलें म्हणजे ती प्रवाहाबरोबर खालीं उतरूं लागते. चालत, वाहत, थांबत ती खाडीकडे येते. जेथें गोदेचें गोडें पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत मिसळतें, तेथवर. कांहीं माद्या अध्यांमध्यांच पिलें सोडतात, आणि मग पुढील प्रवास पुराच्या भरंवशावर पिलांनाच करावा लागतो.

आमच्या भगिनींस हा प्रवास अपरिचित वाटण्याचें कारण नाहीं. पहिल्या बाळंतपणास मुलगी माहेरीं जाते, तशीच ही जाते. आणि समुद्र हें झिंग्याचें माहेर आहे हें केवळ अलंकारिक बोलणें नव्हे. ज्या कुळांत हा जन्मला त्या कुळाचे पूर्वज समुद्रवासी होते. त्यांच्यापैकीं कांहीं शाखा कालांतरानें खाड्यांतून नद्यांत शिरल्या आणि तेथें रमल्या. मोठीं झालीं तीं गोड्या पाण्यास सरावलीं; तान्हीं पोरें मात्र सरावलीं नाहींत. त्यांना जन्मतःच माहेरचें मीठ लागतें.

असें कां, हें समजण्यास स्वयंपाकघरांतलें एक उदाहरण पुरे. मनुके पाण्यांत टाकले म्हणजे फुगतात. आंतला रस दाट, बाहेरचें पाणी पातळ. म्हणून पाणी आंत शिरतें. झिंग्याच्या रक्तांत क्षार असतात. गोड्या पाण्यांत त्याच्या अंगांत पाणी सारखें शिरूं पाहतें आणि क्षार बाहेर जाऊं पाहतात. मोठ्या झिंग्याचे कल्ले बाहेरच्या पाण्यांतले तुरळक क्षार ओढून घेऊन ही तूट भरून काढतात. नवजात पिलाच्या अंगीं तें सामर्थ्य नसतें. निमखाऱ्या पाण्यांत हा झगडा त्याला करावा लागत नाहीं. शिवाय त्याच्या तोंडांत मावतील असे सूक्ष्म जीव खाडींत विपुल असतात, नदींत नसतात.

हीं पिलें पाहिलीं तर हीं झिंग्याचीं आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. कांचेसारखीं पारदर्शक, केवळ एकदोन मिलिमीटर लांब. पाण्यांत उलटीं, पाठ खालीं व डोकें तिरपें लोंबत ठेवून पोहतात, आणि शेपटी पुढें करून सरकतात. पुनःपुन्हां कात टाकून तीं आपलें रूप पालटतात. ह्या जातीचा जो थोरला भाऊबंद आहे, ज्याला ‘रोझेनबर्गी’ म्हणतात आणि ज्याची आज देशोदेशीं शेती केली जाते, त्याच्या पिलाचीं अशीं अकरा रूपें मोजलेलीं आहेत. त्यानंतर एके दिवशीं पिलूं उलथें होतें, पाय तळास टेकतें, आणि इवलासा झिंगा होऊन चालूं लागतें. गोदेच्या झिंग्याचें बालपणही फारसें निराळें नाहीं. सन १९७१ मध्यें केवलरमाणी, संकोळ्ळी व शेणॉय ह्या भारतीय संशोधकांनीं तीं रूपें टाक्यांत वाढवून त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें आहे.

पिलांस मीठ लागतें ही गोष्ट शास्त्रज्ञांस कशी उमगली, तिची हकीकत मोठी मनोरंजक आहे. सन १९६० नंतरचीं पहिलीं दोनतीन वर्षें. मलायांत पेनांग येथें शाओ-वेन लिंग हे चिनी शास्त्रज्ञ रोझेनबर्गी झिंग्याचीं पिलें टाकींत वाढविण्याच्या खटपटींत होते. मोठे झिंगे गोड्या पाण्यांत सुखानें राहत, माद्या अंडीं घालीत, पिलें निघत. आणि चारपांच दिवसांत सगळीं मरत. अन्न बदलून पाहिलें, पाणी बदलून पाहिलें, व्यर्थ. असें सांगतात कीं, सर्व उपाय थकल्यावर त्यांनीं जेवणाच्या मेजावरचे निरनिराळे पदार्थ एकेका भांड्यांत थोडेथोडे टाकून पाहिले, आणि ज्या भांड्यांत सोयाबिनाचा खारट रस पडला होता त्यांतलीं पिलें जगलीं. रसाचा गुण नव्हता, त्यांतल्या मिठाचा होता. लोणच्याच्या बरणीजवळचें हें ज्ञान! पुढें हवाई बेटांत फुजिमुरा ह्यांनीं ह्या शोधाच्या पायावर पिलें मोठ्या प्रमाणांत वाढविण्याची पद्धति बसविली, आणि आज जगांत ह्या झिंग्याची जी शेती चालते ती तेथून निघाली.

आतां परतीची वाट. खाडींत झिंग्याचें रूप आलें कीं तेंच पिलूं, जें आतांपर्यंत मिठावांचून जगत नव्हतें, गोड्या पाण्याकडे तोंड फिरवितें. लांबी फार तर बोटाच्या पेराएवढी. नदी तर समोरून वाहत येणारी. मधल्या धारेंत टिकाव लागणार नाहीं, हें जणूं त्याला कळतें. म्हणून तें कांठाकांठानें जातें, जेथें पाणी उथळ व मंद असतें. रात्रीं निघतें, कारण दिवसा बगळे आणि मासे टपलेले असतात. एकटें निघत नाहीं. हजारोंचा तांडा असतो. वाटेंत खडक किंवा लहान धबधबा आला तर पाण्यांतून बाहेर पडून तें ओल्या दगडावर चढूं लागतें. कल्ले ओले राहतील इतकें पाणी निथळत असलें म्हणजे पुरे. दगड कोरडा असला तर चढणें खुंटलें. पाणी जोरानें कोसळत असलें तरीही खुंटलें. ओलावा हवा आणि पायांस पकड हवी. धवळेश्वरम्‌च्या भिंतीवर कंदिलाच्या उजेडांत त्या मुलानें जी मुंग्यांसारखी रांग पाहिली, ती ही. इब्राहिम नांवाच्या संशोधकाचा गोदावरींतील ह्या झिंग्याविषयींचा विस्तृत निबंध सन १९६२ मध्यें छापून निघाला होता. म्हणजे मीं वहीवर ‘असत्य’ हा शब्द लिहिला त्याच्या पूर्वीं सव्वीस वर्षें शास्त्रानें ह्या प्राण्याची दखल घेतलेली होती.

धवळेश्वरम्‌च्या धरणाविषयीं बोलतांना न्यायानें बोललें पाहिजे. सन १८३२-३३ च्या दुष्काळानें त्या प्रदेशांत अपरिमित मनुष्यहानि केली. त्यानंतर आर्थर कॉटन ह्या इंजिनिअरानें सन १८४७ मध्यें गोदावरीवर बांध घालण्यास आरंभ केला व १८५२ मध्यें तो पुरा केला. नदीचें पाणी कालव्यांतून गौतमी-वसिष्ठांच्या मधल्या भूमीवर पसरलें, आणि दुष्काळाचा मुलूख भाताचें कोठार बनला. तेथील ब्राह्मण स्नानाच्या संकल्पांत ह्या परदेशी मनुष्याचें नांव घेत, असें सांगतात. जुन्या बांधाच्या जागीं हल्लींचें उंच दरवाजांचें धरण १९७० नंतरच्या बारा वर्षांत उभें राहिलें. लक्षावधि मनुष्यांच्या ताटांतला भात ज्याच्यामुळें आला, त्यास एका झिंग्यासाठीं दूषण देण्याइतका मी अविचारी नाहीं.

परंतु ज्या हातांनीं बांध घातला त्या हातांस एक गोष्ट ठाऊक नव्हती; ती अशी कीं, ही नदी केवळ पाण्याची वाट नव्हे, जाण्या-येण्याचीही वाट आहे. आणि बांध एकच राहिला नाहीं. ब्रह्मगिरीपासून समुद्रापर्यंत १४६५ किलोमीटरच्या प्रवाहांत पैठणचा नाथसागर १९७६ मध्यें झाला, नांदेडपाशीं विष्णुपुरी झाली, पलीकडे पोचमपाडचा श्रीरामसागर, त्याच्या वर बाभळीचा बंधारा, खालीं मेडिगड्डा. पोलावरमचेंही काम निघालें.

झिंग्यास धरण दोन तऱ्हांनीं आडवें येतें. चढणाऱ्या पिलास भिंत आडवी येते. हें उघड आहे. परंतु उतरणाऱ्या पिलास भिंतीमागचें थांबलेलें पाणी आडवें येतें, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. नवजात पिलाजवळ शिदोरी किती? अंड्यांतून बरोबर आलेला थोडासा बलक. तेवढ्यावर चारपांच दिवसांत मीठ गांठलें पाहिजे. वाहत्या पुरांत तें साधतें. जलाशयाच्या निश्चल पाण्यांत साधत नाहीं.

धरणानें होणारी हानि आंकड्यांनीं मोजण्याचें काम जेथें फार काळजीपूर्वक झालें, तें स्थळ पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, कॅरिबियन समुद्रांतील पोर्टोरिको बेटावर आहे. तेथील डोंगरांतून ‘एस्पिरितु सान्तो’ नांवाची नदी उतरते. नांवाचा अर्थ ‘पवित्र आत्मा’. पवित्र नांवाच्या नद्या तेथेंही आहेत. त्या नदींत झिंग्याच्या निरनिराळ्या जाती राहतात. कांहीं दीर्घबाहु आहेत. कांहींच्या चिमट्यांस केसांचे पंखे असून ते प्रवाहांत पसरून ते वाहून येणारें अन्न गाळून घेतात. तेथील माता खालीं उतरत नाहींत; अंधार पडला म्हणजे पिलांस प्रवाहावर सोडून देतात. ह्या नदीवर एक ठेंगणा बंधारा असून तेथून पिण्याचें पाणी नळांत घेतात. अमेरिकन संशोधकांनीं ६९ दिवस पिलांची मोजदाद केली आणि १९९९ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला : समुद्राकडे निघालेल्या शंभर पिलांपैकीं सरासरी ४२ नळांत ओढलीं जाऊन मरतात, आणि नदीस पाणी कमी असलें म्हणजे शंभरांतलें एकही खालीं जात नाहीं. बंधाऱ्याच्या पायथ्याशीं चढूं पाहणाऱ्या पिलांची गर्दी होते, आणि मासे तेथें आयत्या पंगतीस येऊन बसतात.

त्याच बेटावर ज्या मोठ्या धरणांच्या भिंतीवरून पाणी वाहत नाहीं, त्यांच्या वरच्या अंगास हे झिंगे समूळ नाहींसे झाले आहेत. मग त्या ओढ्यांचें काय झालें? २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, धरणावरील ओढ्यांतल्या दगडांवर शेवाळ सुमारें नऊपट वाढलें होतें आणि गाळाचे थर बसले होते. झाडलोट करणारें घरांतून गेलें म्हणजे घराची जी दशा होते, तीच नदीची झाली.

त्याच संशोधकांनीं उपायही मोजून सांगितला, आणि तो ऐकून मला फार समाधान वाटलें. पिलें मुख्यत्वें रात्रीच्या पहिल्या प्रहरांत वाहत जातात. तेव्हां दररोज तेवढे पांच तास नळाचें तोंड मिटलें, तर मृत्यूचें प्रमाण शेंकडा ११ ते २० वर येईल, असें त्यांनीं १९९९ मध्यें दाखविलें. धरण पाडावयास नको, शहर तहानेलें ठेवावयास नको. नळाची वेळ तेवढी बदलावयाची. चढण्यासाठींही तसेंच. भिंतीच्या एका अंगास खडबडीत दगडांची उतरण बांधून तिच्यावरून पातळ पाणी सारखें निथळत ठेवलें, तर इवल्या पायांस वाट मिळते.

आपल्याकडे निराळा मार्ग धरलेला दिसतो. तेलंगणांत तलावांतून व जलाशयांतून झिंग्याचें बीज विकत आणून सोडण्याची सरकारी योजना गेल्या दशकांत सुरू झाली. कोळ्यांस त्यानें चार पैसे मिळतात, तेव्हां तिला नांवें ठेवूं नयेत. पण सोडलेला झिंगा जलाशयांत वाढतो. तेथें त्याचा वंश वाढत नाहीं. पुढच्या वर्षीं बीज पुन्हां आणावें लागतें. लेक सासरीं नांदते आहे. माहेरची वाट मात्र बंद आहे.

ह्या मासिकाच्या बहुतेक वाचकांच्या स्वयंपाकघरांत ह्या जीवाचा प्रवेश नाहीं, हें मी जाणून आहें. माझ्याही नाहीं. मग इतकी चौकशी कशास, असें कोणी विचारील. त्यास माझें उत्तर असें कीं, गोदावरीचें नांव आपण रोज स्नानाच्या वेळीं घेतों. तिच्या पाण्यास तीर्थ म्हणतों. तीर्थ शब्दाचा मूळ अर्थ ‘उतार’, नदी ओलांडण्याची जागा, असा आहे. जीवाला एका तीरावरून दुसऱ्या तीरास नेणारें तें तीर्थ. जी नदी डोंगरापासून समुद्रापर्यंत एका लहानशा जीवालाही जाऊं-येऊं देत नाहीं, तिच्यांतलें तीर्थपण कांहीं तरी उणें झालें, असें मला वाटतें. आणखी असें कीं, ज्यांच्या पानांत हा जीव येतो त्यांनाच त्याचें खरें ज्ञान होतें. आपण तो खात नाहीं म्हणून तो आपल्याला ठाऊक नाहीं, येथवर ठीक. पण आपल्याला ठाऊक नाहीं म्हणून तें असत्य, हा न्याय कोणत्या शास्त्रांत बसतो? माझ्या वर्गांत मीं तो बसविला होता.

प्रत्यक्ष हें पहिलें प्रमाण, असें मी पुढें कित्येक वर्षें संस्कृताच्या वर्गांत शिकविलें. ज्यानें प्रत्यक्ष पाहिलें होतें त्याला मीं उभें करून हंसविलें होतें, हें शिकवितांना मला आठवत नसे.

तो मुलगा आज पंचेचाळिशीच्या घरांत असेल. नदीवर आहे कीं शहरांत आहे, मला ठाऊक नाहीं. त्याच्या वहींतली ती भिंत आणि ती ठिपक्यांची ओळ माझ्या डोळ्यांपुढें अजून स्पष्ट आहे. ती वही आज माझ्या हातीं असती तर माझ्या दोन्ही तांबड्या वाक्यांवर मीं काट मारली असती, आणि खालीं सही केली असती. ती नाहीं, म्हणून हा लेख.